रात्रभर को-की, को-की!

पोर्टो रिको म्हटलं की बीच, साल्सा आणि रम एवढंच डोळ्यांसमोर येतं ना? पण या कॅरिबियन बेटाचा खरा स्टार जेमतेम दोन इंचांचा आहे. नाव कोकी. चक्क बेडूक!

त्याला भेटायचं तर सान हुआनहून तासाभराच्या ड्राइव्हवर असलेलं एल युंके गाठा. अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांमधलं हे एकमेव उष्णकटिबंधीय वर्षावन. (हो, बेट अमेरिकेचं, त्यामुळे व्हिसाही अमेरिकेचाच.) अंधार पडला की ‘को-की, को-की’चा गजर सुरू होतो.

पण ओळखायचा कसा? रंगावर जाऊ नका. कुणी तपकिरी, कुणी राखाडी, कुणाच्या पाठीवर फिकट पट्टा. बोटं बघा. टोकांना गोल चकत्या, त्यांच्या जोरावर स्वारी झाडावर सरसर चढते. आणि बोटांमध्ये पडदा नाहीच. हवाय कशाला? याला तळं लागतच नाही. मादी जमिनीवरच, वाळक्या पानांत अंडी घालते आणि त्यातून टॅडपोल नाही, थेट इवलासा बेडूक बाहेर येतो. तोवर अंड्यांची राखण करायची ड्यूटी बाबांची!

खरी ओळख मात्र आवाजाची. गातो फक्त नर. ‘को’ इतर नरांसाठी : लांब राहा. ‘की’ मादीसाठी : ये ना! एका हाकेत दोन निरोप.

हीच हाक १९८०च्या दशकाच्या अखेरीस रोपांच्या कुंड्यांमधून हवाईला पोचली आणि तिथल्या लोकांची झोप उडाली. जवळून ऐकली तर ती ९० डेसिबलच्या घरात जाते. तिथे कोकी उपद्रवी ठरला. पोर्टो रिकोत मात्र लोक अभिमानाने म्हणतात, मी कोकीइतकाच इथला.

आता ती ओळखच बदलतेय. एल युंकेच्या घाटरस्त्यावर संशोधकांनी १९८३ मध्ये ही हाक रेकॉर्ड केली आणि २३ वर्षांनी त्याच रस्त्यावर पुन्हा. हाकेची पट्टी वर गेली होती, बेडूक आकाराने लहान झाले होते. २०१४ मध्ये त्यांनी या बदलाचा संबंध वाढत्या तापमानाशी जोडला.

तेव्हा एल युंकेला गेलात, तर कानातले हेडफोन काढा. आज ऐकाल ती ‘को-की’ पुढच्या पिढीला याच सुरात ऐकू येईल, याची गॅरंटी नाही.