ट्रेनरची टक्केवारी

आमच्या नगर, आता अहिल्यानगर, जिल्ह्यात ‘शर्यत’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर बैलगाडा उभा राहतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने थांबलेल्या या शर्यती डिसेंबर २०२१ मध्ये त्याच न्यायालयाच्या अनुमतीने पुन्हा सुरू झाल्या आणि जत्रांना जुना रंग चढला. घोड्यांची शर्यत मात्र आमच्या लेखी पुण्या-मुंबईची. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचा मुंबईतील हंगाम हिवाळ्यात, तर पुण्यातील पावसाळ्यात. पुणे येथून फार दूर नाही आणि पोटासाठी तेथे गेलेली आमची मुले त्या मैदानापर्यंतही पोहोचतात.

आमच्या धर्मग्रामातील असाच एक तरुण. संख्याशास्त्राचा पदवीधर, कारखान्यात नोकरीला. त्याच्या आईच्या विनंतीवरून आम्ही त्याच्याशी बोललो, तेव्हा त्याने एक जाड वही आमच्यापुढे ठेवली. कोणत्या ट्रेनरने हंगामात किती घोडे उतरवले, किती जिंकले. दीर्घ विश्रांतीनंतर धावणाऱ्या घोड्यांत त्याचे यश किती. अमुक जॉकी दिल्यावर किती. आखूड अंतरावर किती, लांब अंतरावर किती. सारे टक्केवारीसह, सुवाच्य अक्षरात.

“फादर, हा जुगार नव्हे, अभ्यास आहे,” तो म्हणाला. “घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयानंच १९९६ मध्ये म्हटलंय.”

निकाल खरा आहे, आणि ट्रेनरचे महत्त्वही खरे. घोड्याचा खुराक, व्यायाम, विश्रांती त्याच्याच देखरेखीखाली असते. हँडिकॅप शर्यतीत तर सरस घोड्याच्या पाठीवर अधिक वजन देऊन सर्वांना एका पातळीवर आणण्याचा प्रयत्न असतो. अशा वेळी आपल्या घोड्याला नेमकी कोणती शर्यत मानवेल हे ओळखण्यात ट्रेनरचा कस लागतो. प्रथम जॉकी आणि पुढे ट्रेनर म्हणून इंडियन डर्बी जिंकणाऱ्या पेसी श्रॉफ यांच्यासारख्यांचे यश केवळ दैवाचे नव्हे.

परंतु सेमिनरीत तर्कशास्त्र शिकताना एक गोष्ट आमच्या मनावर बिंबवली गेली होती : विधान खरे असले, तरी त्यातून आपल्याला हवा तो निष्कर्ष निघतोच असे नाही. म्हणून आम्ही त्याच्यासह हिशेब मांडला. समजा, एका ट्रेनरचे १०० घोडे धावले आणि २५ जिंकले. प्रत्येकावर शंभर रुपये लावले, तर दहा हजार गेले. जिंकलेल्या प्रत्येक शंभरामागे टोटवर सरासरी साडेतीनशे परत मिळाले, तर हाती येतात ८,७५०. उत्तम ट्रेनर निवडूनही साडेबाराशेची खोट!

याचे कारण उघड आहे. त्या ट्रेनरचे नाव साऱ्या मैदानाला ठाऊक असते. सर्वांचे पैसे त्याच्याच घोड्यावर पडतात आणि भाव उतरतो. टोटवर आपली स्पर्धा घोड्यांशी नसते, आपल्याच शेजारी रांगेत उभ्या असलेल्या माणसांशी असते. आणि वाटणीपूर्वीच क्लबचा व सरकारचा हिस्सा कापलेला असतो. तेव्हा प्रश्न ‘हा किती वेळा जिंकतो’ एवढाच नसून ‘लोकांच्या अपेक्षेहून अधिक वेळा जिंकतो काय’ हा आहे. वहीत तो रकाना नव्हता. शिवाय काही टक्केवाऱ्या सहापैकी तीन विजयांवर उभ्या होत्या. एखादा घोडा नाकभर मागे राहिला असता, तर पन्नासाचे तेहेतीस झाले असते.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “माझ्या वडिलांनी जन्मभर कांद्यावर पैसे लावले, फादर. तो जुगार नव्हता का?”

या प्रश्नाने आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. त्याच्या वडिलांचे कर्ज आम्हांला ठाऊक होते. शेवटी आम्ही एवढेच म्हणालो, की भाव पडला तरी कांदा कोणाच्या तरी ताटात जातो. मैदानावर एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जाण्यापलीकडे काही पिकत नाही. त्याचे पूर्ण समाधान झाले नाही, आणि त्यात त्याचा दोष आहे असे आम्हांला वाटत नाही.

१९९२ साली प्रसिद्ध झालेला ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथही पैज लावणे मुळातच अन्यायकारक मानत नाही. आपल्या किंवा दुसऱ्याच्या गरजेचा घास त्यात जाऊ लागला, की मात्र ते नीतीला सोडून होते. ही मर्यादा न्यायालय ठरवू शकत नाही, ती ज्याच्या-त्याच्या घरात ठरते. म्हणून आम्ही त्याला वहीत आणखी एक पान जोडावयास सांगितले : किती लावले, किती परत आले, घरी किती पाठवले.

ते पान त्याने प्रामाणिकपणे भरले. त्यावरील आकडा आम्ही येथे देत नाही. बहिणीची नर्सिंगची एका वर्षाची फी त्यात भागली असती एवढेच सांगतो. त्याचे रेसकोर्सला जाणे पूर्ण थांबले असेही नाही. कमी झाले आहे. आईवडिलांना आणि आमच्या धर्मगुरुबंधूंना आमचे सांगणे इतकेच : ‘जुगार वाईट’ एवढे म्हणून अशा मुलांना परत पाठवू नका. त्यांची वही उघडा, आणि त्यांच्याबरोबर हिशेबाला बसा.