जावईबापूंचाही रिपोर्ट माग

चि. छकुलीस,

फोनवर तुझा आवाज उतरलेला वाटला. अमेरिकेच्या व्हिसासाठी मुंबईच्या डॉक्टरांकडे जायचं, तिथं छातीचा एक्स-रे आणि लसींसोबत गरमी-परम्याचीही तपासणी होणार, हे कळल्यावर कुणीतरी चारित्र्याचा दाखला मागितल्यासारखं तुला वाटलं. जळगाव जामोदमध्ये ही गोष्ट घरात सांगायची कशी, हा घोर वेगळाच. आयुष्य नर्सच्या नोकरीत गेलं माझं, तेव्हा तुझ्याशी मीच मोकळेपणानं बोलायला हवं.

गरमी म्हणजे सिफिलिस, त्यासाठी रक्त घेतात. परमा म्हणजे गनोरिया, त्यासाठी लघवी. कायमचं राहायला जाणाऱ्या १८ ते ४४ वयाच्या प्रत्येकाला पहिली तपासणी करावी लागते आणि १८ ते २४ वयाच्या प्रत्येकाला दुसरीही. बाई असो की बाप्या, लग्न झालेलं असो की नसो. तू तेवीस वर्षांची, म्हणून दोन्ही. तुझ्यावर कुणी संशय घेतलेला नाही.

आणि समजा, काही निघालंच, तर व्हिसा कायमचा अडत नाही. उपचार पूर्ण झाला की फाइल पुढे सरकते. सुरुवातीच्या गरमीला पेनिसिलिनचा एक डोस पुरतो. जुनी असेल तर आठवड्याच्या अंतरानं तीन. शिवाय गरमीची व्हीडीआरएलसारखी पहिली चाचणी कधीकधी उगाच पॉझिटिव्ह येते, गरोदरपणात किंवा दुसऱ्याच एखाद्या आजारातही. म्हणून दुसऱ्या चाचणीनं खात्री झाल्याशिवाय रडत बसायचं नाही. एचआयव्हीची तपासणी आता या यादीत नाही. १९८७ पासून एचआयव्ही असलेल्यांना अमेरिकेचं दार बंद होतं, ते ४ जानेवारी २०१० ला उघडलं. आखातात नोकरीला जाणाऱ्या आपल्या पोरांना मात्र ही तपासणी चुकत नाही, आणि तिथं एचआयव्ही निघाला की उपचार घेऊन पुढे जायची सोय नाही, थेट 'अनफिट'चा शिक्का. रोग्याला असं हाकलून रोग थांबत नाही, तो लपतो.

आता जे सांगायला बसले ते सांगते. ही व्हिसाची सगळी तपासणी अमेरिकेच्या सीमेसाठी आहे, तुझ्यासाठी नाही. जावईबापू तिथले नागरिक, अर्ज त्यांनीच भरलेला, म्हणून त्यांचं रक्त कुणी मागत नाही. नवराबायकोतल्या एकाचीच तपासणी! आपल्याकडेही वेगळं काही नाही. पोटुशी बाई सरकारी दवाखान्यात गेली की तिची एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी होते, बाळासाठी ती हवीच. नवऱ्याला बोलवायचं तर किती मिनतवाऱ्या कराव्या लागत! तो शेतावर, तो कामावर, त्याला काय झालंय. बाईला गरमीचं औषध द्यायचं, आणि ती घरी जाऊन पुन्हा तोच आजार घेऊन यायची. मला याचा संताप यायचा, अजून येतो.

परमा बाईच्या अंगात पुष्कळदा गुपचूप राहतो, काही दुखत नाही, खुपत नाही. तो वर चढला तर गर्भनलिका बंद होतात, आणि मग वांझ म्हणून बोलणी खायची तिनंच. गरमीची जखम दुखत नाही, आपोआप भरते. माणूस समजतो बरं झालं, आजार आत तसाच असतो. म्हणून 'मला काही होत नाही' हे पुरुषाचं म्हणणं पुरावा नव्हे. जावईबापू सज्जन आहेत, मी त्यांच्यावर बोट ठेवत नाही. जी तपासणी तुझ्या बाबतीत संशय नाही, ती त्यांच्याही बाबतीत नाही.

मुंबईला जायच्या आधी सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, जाऊन ये. तिथं एचआयव्हीची तपासणी फुकट होते, आधी समुपदेशक बोलतात, मगच रक्त घेतात. एचआयव्हीविषयीच्या २०१७ च्या कायद्यानं तुझ्या संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही आणि रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो. सासूबाईंनाही तो बघायचा हक्क नाही. जायचं धाडस होईना, तर आधी १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन कर.

आणि आजच जावईबापूंना फोन लाव. म्हणावं, माझी तपासणी होतेय, तुमचीही तिकडे करून घ्या, सिफिलिस, गनोरिया आणि एचआयव्ही, तिन्ही. लाजू नकोस. विमानात बसायच्या आधी दोघांचे रिपोर्ट एकमेकांनी वाचलेले असू देत.

तुझी,
आत्या