जुवाची दोन टोकं

आज्जाचं जू अजून आमच्या कागलच्या घरात, माळ्यावर आहे. बाभळीचं लाकूड, दोन्ही टोकांना शिवळा घालायची भोकं. बैलांच्या मानांवर टेकणारा भाग घामानं आणि घासणीनं काळसर, गुळगुळीत झालेला. दर बेंदराला मी ते खाली काढतो, पुसतो, तेलाचा हात फिरवतो.

‘जू’ म्हणजे एका अक्षराचा शब्द. दूधगंगा ओलांडून निपाणीकडं गेलं की कन्नड बोलणारा शेतकरी त्याला ‘नोग’ म्हणतो. आणि समुद्रापार, बर्फाच्या नॉर्वेत, जुवाला म्हणतात ‘ओक’. ऐकून वाटावं, आपला याच्याशी काय संबंध? पण ‘जू’ आणि ‘ओक’ हे दोघे सख्खे भाऊ आहेत.

पाचेक हजार वर्षांपूर्वी बैल जुंपणाऱ्या माणसांच्या तोंडी जो शब्द होता, त्याचं संस्कृतातलं रूप ‘युग’. युग म्हणजे आधी जूच. मग जुवाखालची जोडी, मग माणसांची पिढी, आणि मग काळ. सत्ययुग, कलियुग म्हणताना आपण नकळत बैलांच्या मानेवरचं लाकूडच उच्चारत असतो.

पुढं वाटा फुटल्या. प्राकृताच्या वाटेनं येताना ‘य’चा ‘ज’ झाला आणि ‘ग’ गळून पडला; उरलं ‘जू’. उत्तरेकडच्या वाटेवर ‘ग’चा ‘क’ झाला. हा बदल याकोब ग्रिम यांनी १८२२ साली नियमात बसवला. तिथं पुढचा ‘य’ गळाला, उरलं ‘ओक’. आपण शब्दाचं पुढचं टोक जपलं, त्यांनी मागचं.

जुवाचे दिवस सरत आले, हे कागलच्याच आनंद यादवांनी ‘गोतावळा’त १९७१ सालीच लिहून ठेवलं. ट्रॅक्टर आला, जनावरं गेली. आमच्या दावणीलाही आता बैल नाहीत. तरी आम्ही कामाला जुंपून घेतो, जोड्या जुळवतो, योग आला म्हणतो. यातला ‘योग’ त्याच मुळाचा.

यंदा बेंदराला जू पुसताना एका टोकाला हात ठेवून ‘जू’ म्हणालो, दुसऱ्या टोकाला ‘ओक’. मधोमध नांगर बांधायची खाच आहे. तिच्यात आज्जाच्या दोरखंडाचा वळ अजून उमटलेला दिसतो. त्यावर बोट ठेवलं आणि सबंध शब्द उच्चारला: युग.