परमिट कोणाच्या नावावर?

आमचे वडील महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळात हेल्पर म्हणून लागले आणि लाईनमन म्हणून निवृत्त झाले. मंडळाच्या कारभाराचा पहिला धडा आम्हाला मिळाला तो १३ एप्रिल १९९६ च्या रात्री.

वस्तीत जयंतीची तयारी चालली होती. आठच्या सुमारास डीपीवर मोठा आवाज झाला आणि सगळीकडे अंधार. वडील पाळीवरून जेवायला घरी आले होते. मंडपातल्या पोरांनी भाड्याचे जनरेटर सुरू केले आणि आमच्या दाराशी आली. "काका, फ्यूजच तर घालायचाय, चढा ना!" वडिलांनी खालून बॅटरी मारून पाहिले. अकरा हजाराच्या लाईनचा जंप जळून तुटला होता. ते म्हणाले, "आधी तक्रार लिहा. परमिट आल्याशिवाय मी खांबाला हात लावणार नाही."

गर्दीतून कोणी तरी बोलले, "आपला माणूस मंडळात असून आपणच अंधारात!" आईला हे शब्द फार लागले. खरे सांगायचे तर आम्हालाही वडिलांचाच राग आला होता.

आम्ही सायकलवर शाखा कार्यालयात गेलो, वहीत तक्रार लिहून तिचा नंबर आणला. शाखेच्या अभियंत्यांनी उपकेंद्राला फोन लावला. तिथल्या ऑपरेटरने फीडर बंद केला, स्विचवर पाटी अडकवली आणि रजिस्टरात वेळ लिहून वडिलांच्या नावे परमिट दिले. या परमिटाची गंमत अशी की, ज्याने ते घेतले त्यानेच परत करायचे. तो खाली उतरून "माझी माणसे सुखरूप आहेत, लाईन मोकळी आहे" असे सांगत नाही, तोवर मोठ्यात मोठ्या साहेबालाही फीडर चालू करता येत नाही. एवढ्या मोठ्या कारभारात हेल्परमधून वर आलेल्या माणसाच्या शब्दावर सगळे थांबते, ते इथेच.

परमिट मिळूनही वडील लगेच चढले नाहीत. जनरेटरची वायर पोरांनी एका घराच्या मीटरलाच जोडली होती. ती आधी काढायला लावली. असा उलटा करंट डीपीतून वर जातो, अकरा हजाराचा होतो आणि खांबावरच्या माणसाला गाठतो. मग त्यांनी लाईन अर्थ केली आणि चढले. बारा वाजता वंदनेला वस्तीत उजेड होता. पोरे गप्प होती, आम्हीही.

पुढे वडिलांनी सगळी उतरंड समजावून सांगितली. लाईनमनवर शाखा अभियंता. काही शाखांचा मिळून उपविभाग. बिल, नवे मीटर यांची कामे तिथे. त्यावर विभाग, म्हणजे कार्यकारी अभियंता. त्यावर मंडळ, म्हणजे अधीक्षक अभियंता, आणि परिमंडळ, म्हणजे मुख्य अभियंता. शेवटी मुंबईचे मुख्यालय. (अख्ख्या संस्थेचे नाव मंडळ आणि तिच्या एका कार्यालयाचेही नाव मंडळ! यात आमच्यासारखे कितीतरी लोक चुकीच्या दारात उभे राहिले असतील.)

ही वीज जनतेच्या मालकीची झाली ती सहजासहजी नव्हे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि विजेचे धोरणही त्यांच्याकडे होते. वीज खाजगी मालकीची असावी की सरकारी, हा प्रश्न त्यांनी १९४३ मध्येच समितीपुढे ठेवला होता. १९४८ मध्ये वीजपुरवठ्याचा कायदा झाला आणि त्या कायद्याखाली १९६० मध्ये आपले राज्य विद्युत मंडळ उभे राहिले.

आता ते मंडळ राहिलेले नाही. २००३ च्या वीज कायद्यानंतर जून २००५ मध्ये त्याचे विभाजन झाले. वीज तयार करणारी महानिर्मिती, मोठ्या लाईनीवरून ती वाहून नेणारी महापारेषण, घरोघर पोचवून बिल घेणारी महावितरण, आणि या तिघींवर एक सूत्रधारी कंपनी. नावे कंपनीची असली तरी मालक राज्य सरकारच आहे. दर मात्र कंपनी आपल्या मर्जीने लावू शकत नाही. तो राज्य वीज नियामक आयोग ठरवतो आणि त्याआधी जाहीर सुनावणी होते. तिथे कोणाही ग्राहकाला हरकत मांडता येते. बिलाची तक्रार खाली सुटली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्यानंतर विद्युत लोकपाल. आपल्या वस्त्यांतून मात्र तुटलेल्या तारेसाठी पुढाऱ्याकडे निवेदन जाते आणि सुनावणीच्या दिवशी आपल्यातले कोणी नसते. आम्हीही कधी गेलो नाही.

वडील आता थकले आहेत. आमचा पुतण्या कंत्राटदाराकडे लाईनच्या कामावर जातो. तो संध्याकाळी घरी आला की वडील पाण्याआधी विचारतात, "परमिट कोणाच्या नावावर होते?"

"वायरमनच्या, आजोबा. मी कंत्राटी."

"मग तो होता कुठे?"

"खालीच होता."

"खांबाजवळ?"

"खांबाजवळच, आजोबा."

मग वडील पाणी द्यायला सांगतात.