रोजमेळ आणि कोरे पान

रोजमेळ जुळल्याशिवाय पेढीचा दिवस संपत नाही. याच शिस्तीने रोज एक पान लिहिण्याचा नेम कित्येक जण चातुर्मासात धरतात. पर्युषणापर्यंत पाने भरतात. दिवाळीला वहीपूजन होते तेव्हा ती वही अर्धी कोरीच असते. मग माणूस स्वतःला आळशी ठरवून मोकळा होतो. पण दोष नेहमी आळसाचाच असतो का?

१५८६ मध्ये जौनपूरच्या श्रीमाळ जैन कुळात जन्मलेले कविवर बनारसीदास हे जवाहिऱ्याचे पुत्र. चौदाव्या वर्षी त्यांनी नवरसांवर हजारभर पद्ये रचली. त्याच उमेदीच्या काळात एका संन्याशाने त्यांना मंत्र दिला: वर्षभर गुप्तपणे जपल्यास रोज दारात एक दीनार सापडेल. त्यांनी वर्षभर नेमाने जप केला. वर्ष सरले, दारात काहीच नव्हते. नेम चोख होता, पण मुळात लोभ होता.

१६०५ मध्ये तो शृंगारप्रधान ग्रंथ मित्रांना वाचून दाखवताना त्यांच्या मनात आले की, एक असत्य बोलणाराही पापाचा धनी होतो. आपण तर अख्खा ग्रंथ कल्पनेचा रचला. त्यांनी पोथी गोमतीत टाकली. सुटी पाने वाहत गेली, मित्र हळहळत राहिले.

पुढे व्यापारात खोट आली. आग्र्यात कचोरीवाल्याकडे महिनोन्‌महिने उधारीवर जेवावे लागले. नऊ अपत्ये झाली, एकही वाचले नाही. १६४१ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी ‘अर्धकथानक’ हे ६७५ पद्यांचे आत्मचरित्र लिहिले. त्यात ही सारी तूट मांडली, आपले गुण सांगितले आणि दोषही. जप, तप, संयम यांची आपल्याला गोडी नाही, हेसुद्धा त्यांनी लपवले नाही.

नियमाचे मोल यामुळे कमी होत नाही. नियम माणसाला वहीपाशी बसवतो, हात लिहिता ठेवतो. परंतु नोंद करण्याजोगा व्यवहार तो निर्माण करू शकत नाही. तो आयुष्यात घडावा लागतो, आणि घडल्यावरही तो मांडण्याचे धैर्य यायला कधी वर्षे लागतात. लिहिण्याची इच्छा आटते तेव्हा पुष्कळदा खरे लिहायचे टाळलेले असते.

म्हणून ज्यांची वही अर्धी कोरी आहे, त्यांनी ती रद्दीत घालू नये. केवळ पाने भरावीत म्हणून खोट्या नोंदीही करू नयेत. खऱ्या जमाखर्चासाठी ती पाने राखून ठेवावीत.