वॉटरप्रूफ नवरी

परमेश्वराने पाऊस वाटायला घेतला तेव्हा मराठवाड्याचा माणूस बहुधा रांगेत सगळ्यात मागे उभा असावा. आंबोलीला वर्षाकाठी जेवढा पाऊस कोसळतो, त्याच्या एकदशांशावर आमच्या छत्रपती संभाजीनगरकरांनी वर्ष काढायचं. कोकणातली बाई छत्रीबरोबर पावसाळी काजळ घेत असेल. आमच्याकडे काजळ वाहतं ते घामाने, नाहीतर सासरच्यांमुळे.

तरीही 'न उतरणारा शृंगार' ही कल्पना आपल्याला नवी आहे असं कुणी समजू नये. माझी आजी कपाळावर आधी मेणाचं बोट टेकवायची आणि त्यावर कोरडं कुंकू दाबायची. मेणाला पाणी चिकटत नाही, त्यामुळे ते कुंकू चुलीच्या धगीला, विहिरीच्या पाण्याला आणि आजोबांच्या रागाला सारखंच पुरून उरायचं. पुढे १९३०च्या दशकात व्हिएन्नातल्या हेलेन विंटरस्टाइन-कांबेर्स्की या गायिकेने पापण्यांचा न ओघळणारा रंग शोधला आणि त्याचं पेटंट घेतलं. आजीने मेणाच्या डबीचं पेटंट घेतलं नाही. घेतलं असतं तर आज आमचा वाडा गळका नसता.

हे सगळं आठवायचं कारण माझी भाची. दादाची मुलगी. दादाचं शेत शेंद्र्याजवळ. काही जमीन एमआयडीसीत गेली, उरलेल्या जमिनीत तो कपाशी लावतो आणि आभाळाकडे बघतो. मुलगी तिथल्याच एका कारखान्यात. गाडीच्या दारांना जे रबर असतं त्यावर पाण्याचा मारा करायचा आणि थेंब आत येतो का ते बघायचं, हे तिचं काम. अशा मुलीचं लग्न जूनअखेरीला, आर्द्रा नक्षत्रात ठरलं. आषाढी एकादशीनंतर मुहूर्त नाहीत आणि त्याआधी नवरदेवाला रजा नाही!

खरेदीला आम्ही गुलमंडीवर गेलो. दुकानदाराने काउंटरवर डझनभर लिपस्टिका मांडल्या. "ताई, ही लावून पोहलात तरी हलणार नाही." शेंद्र्यात पोहायचं कुठे, हे त्याने सांगितलं नाही. भाचीने हाताच्या पाठीवर रंगांचे पट्टे ओढले आणि घड्याळ लावून पाच मिनिटं थांबली. म्हणाली, "आत्या, आतलं द्रावण उडून जाऊ दे. मग मेणाचा आणि सिलिकोनचा पापुद्रा उरतो, तोच पाणी अडवतो. घाईने तपासलं तर चांगला मालही नापास होतो." मग नळाखाली हात धरला, रुमालाने पुसला, आणि बारापैकी नऊ लिपस्टिका नापास केल्या. दुकानदाराचा चेहरा उतरला. तो वॉटरप्रूफ नव्हता.

तिथे मला कळलं की 'वॉटरप्रूफ' आणि 'वॉटर-रेझिस्टंट' यांत साखरपुडा आणि लग्न यांच्याइतका फरक आहे. एक अभंग असल्याचा दावा करतो, दुसरा फक्त काही काळ तग धरतो. सनस्क्रीनच्या बाबतीत तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ साली 'वॉटरप्रूफ' हा शब्दच लिहायला मनाई केली. चाळीस मिनिटं टिकतं की ऐंशी, एवढंच छापा म्हणाले. लग्नपत्रिकांवरही असंच काही छापायला हरकत नाही.

भाचीने आणखीही नियम घातले. थर पातळ हवा, कारण जाड थराला भेगा पडतात. पावडर बेताने, कारण ओली झाली की तिचे गोळे होतात. काजळाच्या रेघेवर त्याच रंगाची कोरडी पूड दाबायची. मी मनात म्हटलं, आजीचंच शास्त्र! आधी मेण, मग पूड.

इकडे घरात दोन पक्ष पडले होते. वहिनी, पार्लरवाली, मांडववाला आणि आचारी यांचा पक्ष रोज देवाला सांगायचा, "लग्न होईस्तोवर पाऊस नको रे बाबा." दुसऱ्या पक्षात एकटा दादा. त्याने धूळपेरणी करून ठेवली होती. कोरड्या मातीत बियाणं टाकून पावसाची वाट बघणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. नुसती एक सर आली तर बी उगवून जळणार, मग दुबार पेरणी. आणि लग्नाच्या खर्चानंतर दुबार पेरणीला पैसे कुठले? त्यामुळे त्याला पाऊस हवा होता, तोही दणकून. पण मुलीच्या लग्नात पाऊस मागणारा बाप कसा दिसेल, म्हणून तो बोलत नव्हता.

मी सहज म्हटलं, "दादा, २०१५ला आणि २०१९ला सरकारने विमानातून ढगांवर फवारे मारले होते, आठवतं का?"

"आठवतंय की," तो म्हणाला. "ढगाला पावडर लावून पाऊस पडतो व्हय? ढग मुळात असावा लागतो, बाई."

पार्लरवालीला हे वाक्य मी अजून सांगितलेलं नाही.

आदल्या रात्री भाची बापाजवळ जाऊन बसली. "आबा, तुम्ही खुशाल पाऊस मागा. माझं सगळं टेस्ट करून झालंय." दादा काही बोलला नाही. टोपी काढून पुन्हा नीट घातली, एवढंच.

लग्न लागलं. पंगती उठल्या. पाठवणीच्या वेळी जालना रोडच्या बाजूने आभाळ काळंभोर होऊन आलं आणि मग तो जो बरसला! मांडव फुगला, आचारी धावले, व्याही गाडीत बसले. भाची रडत होती, वर पाऊस होता, आणि काजळाची एक रेघ हलली नव्हती. पार्लरवाली विजयी मुद्रेने सगळ्यांकडे बघत होती.

दादा मात्र उघड्यावर जाऊन उभा राहिला होता. मोकळ्या जागेत वाकून त्याने मातीत बोट खुपसलं, मग आणखी खोल खुपसलं. ओल किती गेली ते बघत होता. डोक्यावरच्या गुलाबी फेट्याचा रंग कपाळावरून, गालांवरून ओघळत पांढऱ्या शर्टावर उतरत होता आणि ते त्याच्या गावीही नव्हतं. त्या अख्ख्या लग्नात ज्याचा मेकअप वाहून गेला असा तो एकटाच.

दुसऱ्या दिवशी सासरहून भाचीचा फोन. "आत्या, हे काही केल्या निघेना गं!" मी सांगितलं, "पाण्याला जो दाद देत नाही तो तेलाला देतो. खोबरेल लाव, मिनिटभर थांब आणि कापसाने पूस." पाच मिनिटांत निघालं.

दादाच्या शर्टावरचा गुलाबी डाग मात्र अजून आहे. वहिनींनी साबण, सोडा, लिंबू, सगळं करून पाहिलं. त्या वर्षीची कपाशी वेचायला दादा तोच शर्ट घालून गेला होता.