वाय-फाय आपलं, हवा सगळ्यांची

नेट स्लो झालं की मोठा प्लॅन घ्यायचा, ही समजूत कन्नमवार नगरात घरोघरी आहे. आमच्या इमारतीत कोणाचा प्लॅन 100 एमबीपीएसचा, कोणाचा 200 चा. तरी संध्याकाळ झाली की जिन्यात एकच प्रश्न ऐकू यायचा, ‘तुमच्याकडे नेट चालतंय का?’ आमच्या घरी बाहेरच्या खोलीत मालिका बिनबोभाट चालायची आणि आतल्या खोलीत मुलाचा ऑनलाइन क्लास अडकायचा. सरांचा चेहरा पडद्यावर थिजायचा, आवाज तुटक यायचा आणि सगळं सुरळीत होईपर्यंत गणित पुढे गेलेलं असायचं. कस्टमर केअरने वरचा प्लॅन सुचवला. दुकानदाराने बूस्टर काढून समोर ठेवला.

या दोन्ही खर्चांच्या आड आमच्या मजल्यावरचे काका आले. काका गोदरेजच्या टाइपरायटर विभागातून निवृत्त झाले. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी गोदरेजने मतपेट्या बनवल्या त्या इथेच, विक्रोळीत. त्याच कंपनीने 1955 मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला आणि 1958 मध्ये फ्रिज. अशा कारखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाला यंत्राबद्दल भीतीही नसते आणि भाबडा विश्वासही नसतो. काका म्हणाले, ‘आधी माप घे. मापाशिवाय कानससुद्धा चालवायची नाही.’

आम्ही मापायला घेतलं. आधी लॅपटॉप वायरने थेट राउटरला जोडला. प्लॅनमध्ये लिहिलेला वेग पुरेपूर मिळाला. म्हणजे बाहेरून येणारी लाइन ठणठणीत होती, घोटाळा घरातल्या घरातच होता. मग फोनवर सिग्नल मोजणारं एक फुकट ॲप घेतलं. त्यात सिग्नलची ताकद डीबीएम या एककात दिसते आणि आकडा उणे असतो. शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार. राउटरशेजारी आकडा होता उणे 40 च्या आसपास. मुलाच्या टेबलाशी तो उणे 78 वर घसरला. या मोजपट्टीवर दर दहाला ताकद दहापट घटते. म्हणजे दोन जागांमध्ये काही हजारपटींचा फरक होता, आणि तोही मोजून दहा पावलांच्या अंतरात.

काका फोन हातात धरून हळूहळू चालत गेले आणि स्टीलच्या कपाटापाशी थांबले. कपाटाच्या अलीकडे आकडा बरा, पलीकडे एकदम पडलेला. वायर दारातून आत येते म्हणून राउटर दाराशेजारी खाली, चपलांच्या स्टँडमागे बसवलेला होता. त्याच्या आणि मुलाच्या टेबलाच्या बरोबर मध्ये हे कपाट. विटांच्या भिंतीतून लहरी थोड्या क्षीण होऊन का होईना, पार जातात. लोखंडी पत्रा त्यांना परतवतो. आपल्याकडे लग्नात आलेलं कपाट हलवायची पद्धत नाही, म्हणून राउटरच हलवला. घराच्या मध्यावर, पॅसेजमध्ये, दाराच्या चौकटीच्या वर. केबलवाल्याच्या मुलाने चार मीटर वायर वाढवून दिली. टेबलाशी आकडा उणे 58 झाला. दुपारचा क्लास त्या दिवसापासून सरळ चालू लागला.

संध्याकाळचा त्रास मात्र उरलाच. त्याचं कारण त्याच ॲपच्या दुसऱ्या पानावर होतं. आजूबाजूची सगळी नेटवर्क तिथे डोंगरांसारखी रेखाटलेली दिसतात. पंचवीस-तीस डोंगर, एकमेकांवर चढलेले. वरच्या मजल्याचा, समोरच्या इमारतीचा, खालच्या दुकानातल्या सीसीटीव्हीचाही त्यात होता.

जुनं वाय-फाय 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतं. त्यात आपल्याकडे 13 चॅनल आहेत. पण दोन चॅनलमधलं अंतर 5 मेगाहर्ट्‌झ आणि एका नेटवर्कला लागणारी रुंदी 20 मेगाहर्ट्‌झ. त्यामुळे एकमेकांना न घासता शेजारी शेजारी नांदणारी चॅनल तीनच, 1, 6 आणि 11. एका चॅनलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं, बाकीच्यांना थांबावं लागतं. एका खोलीत तीस माणसं असावीत आणि प्रत्येकाने दुसऱ्याचं वाक्य संपायची वाट पाहावी, तसं हे चालतं. त्यात कोणी 3 किंवा 9 वर बसलं की ते दोन्हीकडच्यांच्या बोलण्यात गोंगाट घालतं. मायक्रोवेव्ह ओव्हन आणि ब्लूटूथ यांची लुडबुडही याच पट्ट्यात. प्लॅन 100 चा 300 केला, तरी या रांगेतला आपला नंबर पुढे येत नाही. साधा बूस्टर तर तीच गोष्ट त्याच हवेत दुसऱ्यांदा बोलतो, म्हणजे रांग आणखी लांबवतो. ही वस्तू आमच्या वस्तीत सर्रास खपते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

केंद्र सरकारने 2.4 गिगाहर्ट्‌झचा हा पट्टा जानेवारी 2005 मध्ये परवानामुक्त केला. 2018 मध्ये 5 गिगाहर्ट्‌झचा मोठा पट्टाही खुला झाला. म्हणून आज कोणीही दुकानातून राउटर आणून लावू शकतो. हे स्वातंत्र्य मला मोलाचं वाटतं. पण ज्या हवेला मालक नाही, ती वापरणाऱ्यांनीच सांभाळायची असते. पाण्याची टाकी, जिना, गच्ची यांचे नियम आपण सोसायटीत बसून ठरवतो. वाय-फायच्या हवेचे का ठरवू नयेत?

आम्ही ठरवले. मासिक सभेत काकांनी डोंगरांचं ते चित्र सगळ्यांना फोनवर दाखवलं. वहिनी-काकूंना ते लगेच पटलं, कारण संध्याकाळी सातचा त्रास त्यांनाच सर्वांत जास्त होता. पहिल्या मजल्याने 1, दुसऱ्याने 6, तिसऱ्याने 11 आणि चौथ्याने पुन्हा 1 घ्यायचं. कोणीही 40 मेगाहर्ट्‌झची रुंदी ठेवायची नाही, 20 वरच राहायचं. फोन, लॅपटॉप, टीव्ही शक्य तिथे 5 गिगाहर्ट्‌झवर न्यायचे. त्या लहरी भिंतीपलीकडे फार जात नाहीत. एकाच घरात हा दोष, पण दाटीच्या इमारतीत मोठा गुण, कारण शेजाऱ्याचं नेटवर्क आपल्या घरात कमी घुसतं. दहावी-बारावीची मुलं घरोघर फिरली आणि राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन एवढे बदल करून आली. जाता जाता त्यांनी ‘ॲडमिन’ हा आयता पासवर्डही बदलून दिला.

शेवटचं काम वायरचं. टीव्ही जागचा हलत नाही, मुलाचा कॉम्प्युटरही हलत नाही. मग त्यांनी हवेतली जागा का अडवावी? लॅमिंग्टन रोडवरून कॅट-सिक्स वायर आणली, केसिंग पट्टीतून भिंतीच्या कडेने नेली. ही वायर 100 मीटरपर्यंत बिनतक्रार चालते; आपल्या घरात ती पंधरा मीटरही लागत नाही. वायरवर गेलेलं प्रत्येक यंत्र हवेतली एक जागा शेजाऱ्यासाठी मोकळी करतं.

आता आमच्याकडे संध्याकाळी क्लास अडकत नाही. एकाही घराने वरचा प्लॅन घेतलेला नाही. गॅझेटबद्दल माझं मत यातून पक्कं झालं. नवीन डबा विकत घेण्याआधी जुना डबा कुठे बसलाय, काय करतोय, हे समजून घेतलं की निम्मे खर्च टळतात. आणि दाट वस्तीत चांगलं वाय-फाय कोणाला एकट्याने मिळत नाही, ते शेजाऱ्यांसोबतच मिळवावं लागतं.

कन्नमवार नगर आणि टागोर नगरातल्या ज्या इमारतींचा पुनर्विकास व्हायचा आहे, त्यांना एक कळकळीची विनंती. नव्या टॉवरमध्ये बहुधा भिंतीसुद्धा काँक्रीटच्या, सळ्यांनी भरलेल्या असतील, आणि त्या वाय-फायला विटांहून अधिक अडवतात. बिल्डरशी करारनामा करताना पार्किंग आणि कार्पेट एरियाबरोबर आणखी एक ओळ लिहून घ्या. दारापासून प्रत्येक खोलीपर्यंत नेटवर्कच्या वायरसाठी भिंतीतून पाइप हवा. बांधकाम चालू असताना त्याचा खर्च किरकोळ असतो. भिंती उभ्या राहिल्यावर मात्र त्या फोडाव्या लागतात.